कंपनीची चाचणी की धर्मादाय संशोधन? खान्देशातील कर्करुग्णांच्या कुटुंबांसाठी तुलनात्मक आढावा

कर्करोगाचे निदान झाल्यानंतर जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कुटुंबासमोर साधारणपणे तीन वाटा असतात. जवळच्या रुग्णालयात प्रस्थापित उपचार घेणे, औषध कंपनीच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये (नव्या उपचाराच्या रुग्णांवरील चाचणीत) सहभागी होणे, किंवा विश्वस्त निधी, देणग्या आणि सरकारी अनुदान यांवर चालणाऱ्या चाचणीत नाव नोंदवणे. पहिली वाट बहुतेकांसाठी योग्यच आहे. उपचार ठरलेले असतील, गुण येण्याची चांगली शक्यता असेल आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत खर्च बसत असेल, तर चाचणीच्या शोधात आठवडे घालवू नयेत. पण डॉक्टरांनी चाचणीचा विषय काढला असेल, तर उरलेल्या दोन वाटांमधला फरक समजून घ्यावा लागतो, कारण दोन्हींना लोक ‘ट्रायल’ असेच म्हणतात आणि तरीही त्यांत बरेच अंतर आहे.

मुख्य फरक चाचणीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचा आहे. कंपनीला आपल्या नव्या औषधाला विक्रीची परवानगी मिळवायची असते. यात गैर काही नाही. रोगाच्या विशिष्ट जनुकीय दोषावर काम करणारी अनेक औषधे याच मार्गाने रुग्णांपर्यंत आली आहेत. परंतु ज्या उत्तरातून कोणालाच नफा होणार नाही, असा प्रश्न कंपनी सहसा विचारत नाही. तिथे धर्मादाय आणि सार्वजनिक पैसा लागतो. सर दोराबजी टाटा ट्रस्टने 1941 मध्ये परळला सुरू केलेले आणि 1962 पासून अणुऊर्जा विभागाकडे असलेले टाटा मेमोरियल रुग्णालय हे याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण आहे.

तंबाखू आणि गुटख्याने घराघरांत शिरकाव केलेल्या आपल्या भागाला जवळची वाटावीत अशी या रुग्णालयाची दोन संशोधने सांगतो. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असताना मानेतल्या गाठी (लसिका ग्रंथी, जिथे रोग पसरू शकतो) त्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की रोग तिथे दिसल्यावर काढाव्यात, हा जुना वाद होता. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गाठी आधीच काढलेल्या गटातील 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते, तर थांबलेल्या गटातील 67.5 टक्के. या प्रश्नात विकण्यासारखे औषधच नव्हते. दुसरे संशोधन डोके आणि मानेच्या बळावलेल्या कर्करोगाचे. निव्होलुमॅब हे महागडे औषध दर तीन आठवड्यांनी अवघे 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला दिले गेले, आणि एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. आपलेच औषध कमी वापरून भागते का, हे कोणती कंपनी स्वतःहून तपासेल?

खर्चाच्या बाबतीत मात्र कंपनीची बाजू पुष्कळदा वरचढ ठरते. चाचणीचे औषध आणि चाचणीसाठीच्या जादा तपासण्या मोफत असतात आणि अनेकदा प्रवासखर्चही मिळतो. धर्मादाय चाचणीत तपासले जाणारे औषध सहसा विनामूल्य असते, पण नेहमीच्या उपचारांचे बिल रुग्णाच्या फाईलवर येऊ शकते आणि प्रवासाला पैसे असतीलच असे नाही. जळगावहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. दर एकवीस दिवसांनी जायचे, सोबत एक माणूस न्यायचा आणि नेमकी तीच तारीख कापूस लागवडीच्या किंवा केळी कापणीच्या दिवसांत आली तर मजुरी बुडवायची, हा भार लहान नाही. रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसी वर्गात उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला पूर्ण सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. मुक्कामासाठी दादरची संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा आधार असतो. तरीही जेवणखाण आणि बुडालेले दिवस उरतातच. खान्देशातील दानशूर मंडळींनी आणि ट्रस्टांनी या प्रवासाची सोय केली, तर चोपड्याचा किंवा शहाद्याचा रुग्ण संशोधनाच्या बाहेर राहणार नाही, असे मला मनापासून वाटते.

कायदेशीर संरक्षणाचे बारकावे वेगवेगळे आहेत. नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, 2019 नुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. चाचणी संपल्यानंतर औषधाचा उपयोग होत असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर संशोधक डॉक्टर आणि नैतिकता समिती (रुग्णांच्या हितासाठी चाचणी तपासणारी समिती) यांच्या शिफारशीवर ते पुढेही मोफत देण्याची तरतूद आहे. आधीच मान्यता असलेल्या औषधांवरील शैक्षणिक (कंपनीऐवजी डॉक्टर किंवा संस्थेने चालवलेल्या) चाचणीला, तिचे निकाल विक्रीच्या परवानगीसाठी वापरायचे नसतील तर, नैतिकता समितीची मंजुरी पुरते आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. म्हणून अशा चाचणीत भरपाईचा पैसा विम्यातून येणार की संस्थेच्या निधीतून, हे संमतीपत्रात शोधून वाचावे.

संमतीपत्रापाशी थोडे थांबायला हवे. तोंडाच्या कर्करोगात रुग्णाचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, मग प्रश्न रुग्णाला विचारला जातो आणि उत्तर मुलगा किंवा पुतण्या देतो. निर्णय रुग्णाचा आहे. त्याला लिहून किंवा मान हलवून सांगू द्यावे, आणि अहिराणी, भिलोरी किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाला त्याच्या बोलीत समजावून मागावे. वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर असणे नियमाने बंधनकारक आहे. सही केलेल्या कागदाची प्रत घ्यावी. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. कोणाला कोणता उपचार द्यायचा हे बहुतेक तुलनात्मक चाचण्यांत संगणक चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवतो; तुलनेच्या गटालाही प्रस्थापित उपचार मिळतात ना, हे स्पष्ट विचारावे.

प्रस्थापित उपचार थकले असतील आणि रुग्णाच्या रोगावर नेमके काम करणारे नवे औषध केवळ कंपनीच्या चाचणीत मिळत असेल, तर मी ती वाट सुचवेन. इतर बहुतेक प्रसंगी, विशेषतः तोंड, गर्भाशयमुख आणि स्तन यांच्या कर्करोगात, धर्मादाय चाचणीकडे माझा कल आहे. तिथे निघालेले उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या पुढच्या रुग्णाला परवडणारे असण्याची शक्यता जास्त असते.

कोणतीही वाट घेतली तरी एक गोष्ट वेळेत करावी. आधी केमोथेरपी घेतलेल्यांना अनेक चाचण्यांत प्रवेश नसतो, म्हणून पहिला डोस सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना चाचणीबद्दल विचारावे, आणि त्या चौकशीपायी उपचार लांबू देऊ नयेत. सीटीआरआय या क्लिनिकल चाचण्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत चाचणीचे नाव, प्रायोजक आणि केंद्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. मुंबईला निघताना बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड, सीटी स्कॅनची सीडी आणि आतापर्यंतच्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्याव्यात. ब्लॉक गावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येच राहिला, तर त्यासाठी पुन्हा एक फेरी पडते.