टेबलावरचं पॉवर बटण, अख्खा पावसाळा वापरून

माझं कॅबिनेट टेबलाखाली, पार भिंतीला टेकलेलं. रोज सकाळी वाकून बटण शोधायचा कंटाळा आला म्हणून वायरवालं बाहेरचं बटण मागवलं. टेबलावर चिकटवायची एक गोल डबी, लांब बारीक वायर आणि टोकाला दोन भोकांचा कनेक्टर, बस. घरात पहिला प्रश्न आला, "एवढ्याशा वायरीवर कॉम्प्युटर चालणार?"

शंका अगदीच चुकीची नाही. एटी नावाच्या जुन्या रचनेच्या कॅबिनेटमध्ये समोरच्या बटणापर्यंत खरोखरच घरच्या विजेची जाड वायर यायची आणि बटण खटक्याचं असायचं. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही नवी रचना आणली आणि तो प्रकार मागे पडला. आता बटण दारावरच्या बेलसारखं आहे, दाबून धराल तेवढाच वेळ मदरबोर्डवरच्या दोन पिना एकमेकींना जोडतं. त्या पिनांवर असतात जेमतेम ३ ते ५ व्होल्ट, म्हणून बारीक वायर पुरते. उलटी लावली तरी बिघडत नाही. उलटसुलट बघावं लागतं ते एलईडीच्या वायरीचं.

खरी सूत्रं बोर्डाच्या हातात. एसएमपीएस (घरच्या विजेवरून कॉम्प्युटरला लागणारी वीज बनवणारा डबा) बोर्डाला ज्याने जोडतात त्या २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये एक हिरवी वायर असते (हल्ली बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या येतात, तिथे १६ नंबरची पिन बघायची). बोर्डाने ती ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या वायरीला, जोडून धरली की एसएमपीएस सुरू, सोडली की बंद. बोट उचललं तरी बोर्ड धरून ठेवतो. व्होल्टेज स्थिरावले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस करड्या वायरीवरून तसा इशारा देतो, तोवर प्रोसेसर रीसेटमध्येच अडकलेला. बंद मशीनच्या बोर्डाला बटण दाबल्याचं कळतं ते जांभळ्या वायरीमुळे. तिच्यावर ५ व्होल्ट कायम चालू. म्हणूनच बंद कॉम्प्युटरला लावलेल्या माउसचा लाल दिवा कित्येकदा जळत राहतो, आणि म्हणूनच रॅम काढण्याआधी सॉकेटचं बटण बंद करायचं, समोरचं नाही.

आता तक्रारी. डबीवरचा निळा दिवा रात्री डोळ्यांत खुपतो, मी त्यावर काळी टेप लावली. वायर ताठ आहे, डबी सरकत राहते. बटण टेबलावर आलं की येता-जाता दाबलंही जातं. त्यासाठी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये बटणाला 'काही करू नका' नेमून दिलं. तरी सुमारे ४ सेकंद दाबून धरलं की मशीन बंद पडतंच, ते हार्डवेअर बघतं, विंडोजला विचारत नाही. ऐन पावसाळ्यात हेच अंगलट आलं: दमटपणाने बटण आत चिकटायला लागलं, मशीन सुरू व्हायचं आणि काही सेकंदांत आपोआप बंद. एसएमपीएस गेला असं वाटण्याजोगंच लक्षण. डबीची वायर उपसून कॅबिनेटच्या मूळ बटणाने चालू केलं, तर व्यवस्थित चाललं. डबी उघडून पुसली, तेव्हापासून त्रास नाही.

सोबत दोन तोंडांची जोडवायर येते, त्यामुळे जुनं बटणही चालू राहतं. ती नसलेला स्वस्तातला प्रकार घेऊ नका. आणि ऑफिसातून आलेले काही जुने ब्रँडेड डेस्कटॉप असतात, त्यांच्या बोर्डावर बटणाची जागा कंपनीच्या स्वतःच्या घाटाची असते. झाकण उघडून दोन सुट्या पिना दिसतात का ते आधी बघा, मग ऑर्डर द्या.