उन्हाळ्यात तलावावर तीनच तास: पहाट की संध्याकाळ, फिरावं की बसावं?

तलावावर दोन दिवस मुक्काम ठोकणाऱ्याला एक सोय असते. मासा आज ना उद्या फिरत फिरत त्याच्या आमिषापर्यंत येतोच. कामावर जायच्या आधी किंवा सुटल्यावर तीन तास काढून गळ टाकणाऱ्याला ही सोय नाही, त्याला माशाकडे जावं लागतं. तरीही बरेच जण मुक्कामाचंच सामान, मुक्कामाचाच चारा आणि मुक्कामाचीच चिकाटी घेऊन तीन तासांसाठी निघतात, आणि हात हलवत परततात.

पुढचं सगळं मुख्यतः कॉमन कार्पबद्दल, म्हणजे ज्याला बरेच जण सायप्रिनस म्हणतात त्याच्याबद्दल आहे. तलावात गवत्या (ग्रास कार्प) किंवा कटला जास्त असेल तर काय बदलतं, ते ओघात येईल.

पहाट की संध्याकाळ

उन्हाळ्यात पहाटे जा, हा सल्ला सगळेच देतात. त्यात तथ्य आहे. रात्री काठावर चरायला आलेला कार्प पहाटे अजून काठाशीच असतो. उजेड कमी, माणसांची वर्दळ नाही, पाणी त्यातल्या त्यात थंड. पाण्यात दोन पावलांवर मासा चरताना दिसतो तो बहुधा याच वेळी.

पण हा सल्ला देताना तलाव कोणता, हे कोणी विचारत नाही. खरी गोम पाण्यातल्या ऑक्सिजनमध्ये आहे. गोडं पाणी 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवू शकतं, 30 अंशांना साधारण साडेसात. म्हणजे पाणी तापतं तसा साठा कमी होतो, आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. त्यात शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात, पण रात्रभर आपल्यासारख्याच तो वापरतात. त्यामुळे चोवीस तासांतला सगळ्यात कमी ऑक्सिजन सूर्योदयाच्या सुमारास असतो आणि सगळ्यात जास्त दुपार कलल्यावर.

पाणी स्वच्छ असेल, तलाव बऱ्यापैकी खोल असेल, कुठून तरी झरा किंवा ओढा येऊन मिळत असेल, तर हा चढउतार माशाला जाणवण्याइतका नसतो. तिथे पहाटच घ्या, दुसरा विचार करू नका. पण पाणी हिरवंगार झालेलं असेल, तलाव उथळ असेल, अर्ध्या भागात वनस्पती माजलेल्या असतील, तर पहाटेचे पहिले दोन तास जवळजवळ वाया जातात. मासा तिथे असतो, फक्त खात नाही. अशा तलावावर पहाटे कार्प पृष्ठभागावर तोंड उघडून गपागप करताना दिसले की नवख्याला वाटतं, आज मजा आहे. ते खात नसतात, श्वासासाठी धडपडत असतात. अशा माशापुढे आमिष टाकण्यात अर्थ नाही, आणि चुकून एखादा लागलाच तर ओढाताणीनंतर तो वाचेल याची खात्री नाही. त्या दिवशी गळ गुंडाळून घरी जावं.

संध्याकाळचं गणित उलटं आहे. ऑक्सिजन भरपूर, दिवसभर सावलीत किंवा वनस्पतींच्या आडोशाला सुस्तावलेला मासा आता हलायला लागलेला. अडचण अशी की खरा जोर येतो तो उजेड जाता जाता. पाचला येऊन साडेसातला उठणारा माणूस बऱ्याचदा नेमका मासा चरायला निघतो तेव्हा सामान आवरत असतो. संध्याकाळ निवडायची तर उशिरा या आणि अंधार पडेपर्यंत थांबा. त्यासाठी तिथे अंधारात थांबायची मुभा आहे का, हे आधी विचारून घ्या. मुभा नसेल तर संध्याकाळचा निम्मा फायदा गेलाच.

भर दुपारचं नाव कोणी काढत नाही. तळाशी गळ टाकून बसणाऱ्यासाठी ते बरोबरही आहे. पण ऊन चढल्यावर कार्प वर येऊन पाण्याच्या कातडीखाली निवांत पडून राहतात, तेव्हा तरंगत्या आमिषाला ते तोंड लावतात. कडक उन्हाळ्यात नव्हे, पण सुरुवातीच्या किंवा सरत्या उन्हाळ्यात सुट्टीच्या दुपारी एवढंच करायला जाणं मला तरी वाईट वाटत नाही.

वारा मात्र या सगळ्या हिशेबाच्या वरचढ ठरू शकतो. दिवसभर एकाच दिशेनं वारा वाहिला की वरचं पाणी आणि त्याबरोबर तरंगणारं खाद्य समोरच्या काठाकडे ढकललं जातं, आणि लाटांमुळे तिथे हवाही पाण्यात जास्त मिसळते. तोंडावर वारा येणारा काठ बसायला त्रासाचा, पण उन्हाळ्यात मासा बहुधा तिकडेच असतो. लोक पाठीवर वारा घेऊन बसतात, कारण गळ लांब फेकता येतो.

फिरणं की बसणं

माझं मत या बाबतीत एकतर्फी आहे, ते आधीच सांगतो. तीन तास असतील तर फिरणं बरं.

बसणाऱ्याचे तीन तास कसे जातात ते बघा. सामान उतरवणं, स्टँड रोवणं, दोन रॉड जुळवणं, चारा कालवणं, जागेवर फेकणं, यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. एवढ्या हालचालीनं समोरचा मासा बुजतो. कार्प कुळातल्या माशांच्या शरीरात हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत छोट्या हाडांची एक साखळी असते आणि तिच्यामुळे त्यांना इतर बऱ्याच माशांपेक्षा चांगलं ऐकू येतं. काठावर आपटलेली बादली त्यांना कळते. बुजलेला मासा परत यायला वेळ लागतो, आणि शेवटचा अर्धा तास आवरण्यात जातो. उरला तेवढाच तुमचा खरा गळ टाकण्याचा वेळ.

फिरणारा एक रॉड, एक जाळी, खिशात मावेल एवढं सामान, थोडं आमिष आणि पकडलेला मासा ठेवायची, खांद्यावर गुंडाळलेली मॅट घेऊन येतो. पहिला अर्धा तास तो गळ टाकतच नाही. पाण्यावरची चकाकी मारणारा पोलराइज्ड चष्मा लावून काठाकाठानं हळू चालतो आणि बघतो. उथळ पाण्यात अचानक उठलेला गढूळ ढग. एकाच जागी ओळीनं फुटणारे बारीक बुडबुडे. वारा नसताना हलणारी पाणगवताची काडी. काठाला झुकलेल्या फांदीखाली सरकून गेलेली सावली. यातलं काहीही दिसलं की दोन पावलं मागे सरायचं, खाली बसायचं, मूठभर आमिष टाकायचं आणि गळ टाकायची घाई न करता थांबायचं. मासा निर्धास्त खाऊ लागला की मग रॉड हातात घ्यायचा. असा लागलेला मासा लहान असला तरी लक्षात राहतो, कारण तो तुम्ही शोधलेला असतो.

बसणं सरस ठरतं ते तीन ठिकाणी. पाणी इतकं गढूळ किंवा तलाव इतका मोठा की डोळ्यांना काही दिसतच नाही. काठावर दाट झुडुपं किंवा चिखल, आणि जायला दोन-तीनच वाटा. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: तुम्ही एकाच जागी आधीपासून चारा टाकत आला असाल. तलाव घराजवळ असेल, तर गळ न टाकता दर दिवसाआड तिथे मूठ-दोन मूठ मका टाकून यायचं आणि आठवड्याच्या शेवटी त्याच जागी तीन तास बसायचं. यापुढे फिरणं फिकं पडतं. माशाला त्या जागेची सवय लागलेली असते, शोधायचं काम आधीच झालेलं असतं. लांबच्या तलावावर हे जमत नाही. जवळच्या तलावाचा हा मोठा फायदा, आणि तो घेणारे फार थोडे.

एक चौथं कारणही आहे, पण त्याचा माशाशी संबंध नाही. कामावरून दमून आलेल्या माणसाला कधी कधी नुसतं बसायचंच असतं. मग बसा, पण तेव्हा मासा नाही लागला म्हणून तलावाला बोल लावू नका.

वर की तळाशी

तरंगत्या आमिषात पावाचा कडक पापुद्रा आणि खाद्याच्या तरंगणाऱ्या गोळ्या एवढं पुरे. अट एकच: गळ शेवटी. आधी फुकटचं खाऊ घाला. पहिला मासा बिचकत एखादी गोळी उचलतो, मग दुसरा येतो, आणि थोड्या वेळानं त्यांच्यात चढाओढ लागते. त्या चढाओढीत टाकलेला गळ लागतो, आधी टाकलेला संशय वाढवतो. मासा आमिष तोंडात घेताना दिसला की लगेच झटका देऊ नये. लाईन सरकायला लागली की मग. पक्षी जमले तर मात्र हा प्रकार सोडून द्या, तुमची अर्धी शिदोरी तेच खातील.

तळाशी टाकायचं तर मक्याचे दाणे, भिजवून शिजवलेली कडधान्यं किंवा छोट्या गोळ्या. कडक दाणे निदान रात्रभर भिजवून, मग नीट शिजवूनच न्या. अर्धवट भिजलेला दाणा माशाच्या पोटात फुगतो. इंग्लंडमध्ये 1980 च्या सुमारास लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी पुढे आणलेली हेअर रिग इथे उपयोगी पडते. यात आमिष गळावर न टोचता गळाला बांधलेल्या बारीक दोऱ्यावर ओवतात. कार्प आमिष ओढून घेतो, पसंत पडलं नाही तर थुंकतो, आणि या ओढण्या-थुंकण्यात मोकळा राहिलेला गळ ओठात रुततो.

चाऱ्याच्या प्रमाणात लोक सगळ्यात जास्त फसतात. कार्पला जठर नसतं, तो थोडं थोडं आणि वरचेवर खातो, कोमट पाण्यात अन्न लवकर पचवतो. म्हणून उन्हाळ्यात त्याला भूक असते हे खरं, पण तीन तासांत बादलीभर चारा टाकलात तर तो खाणार कधी आणि तुमचा एक दाणा त्याला सापडणार कधी? मूठभर टाका. मासा लागला की पुन्हा मूठभर.

तळ म्हणजे सगळ्यात खोल जागा, असं मात्र समजू नका. उन्हाळ्यात खोल तलावात गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली असे थर पडतात. ते एकमेकांत मिसळत नाहीत आणि खालच्या थरातला ऑक्सिजन संपत जातो. तिथे थंडावा आहे म्हणून मासा असेल, हा अंदाज साफ चुकीचा ठरू शकतो. पाणगवताची कड, उथळ कट्टा, ओढ्याचं तोंड, झाडाची सावली या जागा आधी बघा.

कटला मुख्यतः वरच्या थरात राहतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. गवत्या पानं-गवत खातो आणि पाण्यावर तरंगणाऱ्या पावालाही येतो. तेव्हा तलावात कटला किंवा गवत्या जास्त असेल तर तळाचा नाद कमी करा. चंदेरा (सिल्व्हर कार्प) पाणी गाळून खाणारा मासा, मक्याच्या दाण्याच्या नादी तो सहसा लागत नाही.

सामान आणि मासा सोडताना

हलकी लाईन लावून माशाला खेळवत बसणं थंड पाण्यात चालून जाईल. तापलेल्या पाण्यात लांबलेली झुंज माशाला सोडल्यानंतरही महागात पडते. साधारण 5 किलो ताकदीची लाईन, 8 किंवा 10 नंबरचा, टोकाशी उलटा काटा नसलेला गळ आणि मोठ्या तोंडाची जाळी हवी. फिरणाऱ्याला इथे एक तोटा आहे. बसणाऱ्याची मॅट ओली करून तयार असते, फिरणाऱ्यानं ती खांद्यावर घ्यायची असते, पण बऱ्याचदा तो ती गाडीतच ठेवून येतो. ऊन लागलेल्या दगडावर किंवा गवतावर मासा ठेवला की त्याचा बुळबुळीत थर जातो आणि मागाहून जखमा होतात. मॅट ओली, हात ओले, फोटो एक, आणि मासा पाण्यात धरून ठेवायचा, तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत. पाणी फार तापलेलं असेल तर दुपारी जाऊच नये.

संध्याकाळ निवडणाऱ्यानं आभाळाकडेही बघावं. तापलेल्या दिवसाच्या शेवटी वळीव येतो तो विजा घेऊन, आणि हातातला कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. पहिला गडगडाट ऐकला की रॉड खाली ठेवायचा आणि काठापासून दूर जायचं, समोर कार्प उड्या मारत असले तरी.