तेलाचा डबा, रंगाची बादली की थर्माकोलची पेटी? गॅलरीतल्या बागेसाठी काय ठेवावं, काय द्यावं

माझी मामेबहीण गेल्या महिन्यात नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. सामान लावून झालं आणि गॅलरीत एक ढीग उरला. तेलाचे तीन रिकामे डबे, रंगकाम झाल्यावर मागे राहिलेल्या दोन बादल्या, मासळीवाल्याकडून बर्फासकट आलेली थर्माकोलची पेटी, तांदळाच्या गोण्या आणि पुठ्ठ्याची खोकी तर विचारूच नका. तिने फोटो पाठवून विचारलं, "ताई, बागेसाठी यातलं काय ठेवू आणि काय भंगारवाल्याला देऊ?"

मी लगेच कळवलं: दोन्ही बादल्या ठेव, डबा एकच ठेव, पेटी सकाळचं ऊन येतं त्या बाजूला ठेवणार असशील तरच ठेव. आणि पुठ्ठा एकही देऊ नकोस. शेवटच्या वाक्याचं तिला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. त्याचं कारण पुढे येईलच, आधी भांड्यांचं बघू.

तेलाचा पंधरा किलोचा डबा वर्षानुवर्षं आपल्या चाळींच्या आणि गच्च्यांच्या कुंड्यांचं काम करत आलाय. चौकोनी असल्यामुळे भिंतीला लागून चार डबे ओळीने बसतात, मध्ये जागा वाया जात नाही. खोली फुटाहून जास्त, म्हणजे वांगं, टोमॅटो, मिरची, सगळं येऊ शकतं. पण पत्रा तापतो. माझी गॅलरी पश्चिमेची. एका एप्रिलमध्ये डब्यातला टोमॅटो रोज दुपारी चारच्या सुमाराला मान टाकायचा. मी पाणी घालत राहिले. एक दिवस मातीत बोट घातलं तर माती चांगली ओली होती, आणि डब्याच्या बाहेरच्या बाजूला हात लागला तर चटका बसला. झाड गेलंच होतं म्हणून उपटून पाहिलं. भिंतीकडची मुळं पांढरी, ताठ होती. उन्हाकडची, पत्र्याला चिकटलेली मुळं तपकिरी झाली होती. दोन बोटांत धरून ओढली की वरची साल सुटून हातात यायची आणि आत दोऱ्यासारखी शीर उरायची. मुळं भाजली होती. पाणी कमी पडलं नव्हतं, ते वर चढवायला काही शिल्लक नव्हतं.

म्हणून दुपारच्या उन्हात डबा वापरायचाच असेल तर त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळा, किंवा निदान चुना फासा. डबे एकमेकांना चिकटवून ठेवले तर मधल्या डब्यांना आपोआप सावली मिळते. तळाला गंज धरतो, म्हणून दोन विटांवर ठेवा. तरीही दोन पावसाळ्यांनंतर बूड हातात येण्याची तयारी ठेवा. वरची कापलेली कड हातोडीने आत दुमडून घ्या, घरात लहान मुलं असतील तर हे आधी करा आणि माती नंतर भरा. सावलीच्या गॅलरीत मात्र डब्यासारखं दुसरं काही नाही. अळू त्यात फार सुखाने वाढतो.

रंगाची वीस लिटरची बादली या सगळ्याला पुरून उरते. जाड प्लास्टिक, पत्र्याइतकं तापत नाही, गंजत नाही आणि कडी असते. कडीचं मोल पावसाळ्यात कळतं, जेव्हा धो धो पावसातून झाड आत ओढायचं असतं. पण आत काय होतं ते महत्त्वाचं. ऑइल पेंट, थिनर किंवा वॉटरप्रूफिंगचं रसायन असलेली बादली बागेत आणूच नका. भिंतीच्या, पाण्यात मिसळायच्या रंगाची असेल तर वाळलेला पापुद्रा सोलून, दोनदा घासून घ्या. माझा स्वतःचा नियम असा की अशा बादलीत जास्वंद, मोगरा, शेवंती लावायची. खायच्या भाजीसाठी केटररकडून दह्याची किंवा श्रीखंडाची रिकामी बादली मागून आणायची. ती मुळातच खाण्याच्या पदार्थासाठी बनवलेली असते. बुडाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा दिसला तर प्लास्टिक दणकट जातीचं आहे असं समजा. न्हाणीघरातली जुनी पातळ बादली याच कामाला लावायचा मोह होतो, पण ती एका उन्हाळ्यात तडकते आणि ओल्या मातीसकट फरशीवर बसते.

भोकं पाडताना एक लक्षात ठेवा. बूड फरशीवर सपाट टेकलं तर खालची भोकं बुजतात. म्हणून चार भोकं तळाला आणि चार बाजूला, बुडापासून बोटभर वर. तळाशी विटांचे तुकडे भरून वजन वाढवण्यापेक्षा सोललेल्या नारळाची शेंडी दाबून घाला. निचरा होतो, माती वाहून जात नाही, आणि रोजच्या कचऱ्यातली एक गोष्ट कमी होते.

वजनाचा विचार गॅलरीत करावाच लागतो. वीस लिटरच्या बादलीत नुसती ओली माती भरली तर पंचवीस-तीस किलो होते. कंपोस्ट आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या शेंडीचा भुसा, यांचं मिश्रण असेल तर साधारण निम्म्यावर येतं. दहा बादल्या कठड्याजवळ ओळीने मांडणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

थर्माकोलच्या पेटीबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनंतर राज्यात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली, पण पॅकिंगची पेटी या ना त्या मार्गाने घरी येतेच आणि भंगारवाला तिच्याकडे बघतही नाही. झाडाच्या दृष्टीने ती उत्तम. बाहेर कितीही ऊन असो, आतली मुळं थंड राहतात, आणि रिकामी पेटी एका बोटाने उचलता येते. वीतभर खोलीत मेथी, कोथिंबीर, पालक झकास होतात. अडचण एकच, पण मोठी. कडक उन्हात वर्षभरात तिचा पृष्ठभाग पिठूळ होतो आणि पांढरे दाणे सुटायला लागतात. ते वाऱ्याने खालच्या गॅलरीत जातात, पावसाने गटारात, आणि मातीत मिसळले की वेचून काढता येत नाहीत. म्हणून सकाळच्या उन्हाची गॅलरी असेल तर पेटी जरूर वापरा, बाहेरून जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळून. हाताला पीठ लागायला लागलं की मोडतोड न करता सुक्या कचऱ्यात द्या. माती हलकी करायला थर्माकोल चुरून घाला असा सल्ला अनेकजण देतात. कृपा करून तो ऐकू नका.

गोणी एका हंगामाची सोबतीण. हळद आणि आलं यांच्यासाठी मात्र तिच्यापेक्षा चांगलं काही मला सापडलेलं नाही. मे-जूनमध्ये लावायचं, पानं वाळली की गोणी आडवी करून ओतायची, खणायला नको आणि कंद दुखावत नाहीत. नंतर धागे तुटायला लागतात, तेव्हा दुसऱ्या वर्षी तीच गोणी वापरायचा हट्ट धरू नये.

रोपं करण्यासाठी दुधाची पिशवी आणि पाण्याची बाटली यांत निवड करायची तर डोळे मिटून पिशवी. अर्धा लिटरची पिशवी धुऊन, तळाला चार भोकं पाडून मिश्रण भरलं की मिरची, पपई, शेवगा कशाचंही रोप छान होतं, आणि लावताना पिशवी चिरली की मुळांना धक्का लागत नाही. फक्त कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पाडू नका, तो पिशवीलाच लटकत ठेवा. ते चिमुकले तुकडे कुणीच गोळा करत नाही. दहा-बारा पिशव्या पुरतात, बाकीच्या धुऊन भंगारात द्या. पारदर्शक बाटलीत मुळांना उजेड लागतो आणि आतून शेवाळ धरतं. चार दिवस गावाला जाताना झाकणाला बारीक भोक पाडून मातीत उलटी खोचायला तेवढी एक ठेवा. अंड्याचा कागदी ट्रे उन्हाळ्यात अर्ध्या दिवसात सुकतो, तो फाडून कंपोस्टमध्ये घातलेला बरा.

आता पुठ्ठ्याकडे येते. भांडं कुठलंही घ्या, आत भरायचं काय हा खरा प्रश्न आहे. विकतच्या मातीवर बाग सुरू करणाऱ्यांची बाग बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षी थकते. आपल्याकडे याचं उत्तर फार पूर्वीच शोधलं गेलंय. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' या शेतकऱ्यांच्या गटातून पालापाचोळ्याचं मोल लोकांना दाखवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा, पाला आणि उसाची चिपाडं यांवर बाग उभी केली.

घरी तीन मार्ग आहेत. पहिला, भाजीची सालं थेट कुंडीत गाडायची. कष्ट कमी, पण कुजताना मुळांशी उष्णता होते, वास सुटतो आणि रात्री उंदीर उकरतात. झाड नसलेल्या, विश्रांती घेत असलेल्या कुंडीत मूठभर बारीक चिरून घालावं, त्याहून जास्त नाही. दुसरा, गांडूळखत. खत अप्रतिम, पण तांबड्या गांडुळांना सावली आणि सतत ओलावा लागतो. तेलकट, आंबट काही चालत नाही. एप्रिल-मेमध्ये बंद गॅलरीत त्यांना सांभाळणं म्हणजे घरात आणखी एक जीव सांभाळणं. पहिल्या वर्षी नको.

तिसरा, दोन बादल्यांचं कंपोस्ट. नवशिक्यासाठी हाच. एक भरायची, दुसरी मुरू द्यायची, अडीच-तीन महिन्यांत खत तयार. ओल्या कचऱ्याचा एक थर, त्यावर दुप्पट सुकं, म्हणजे वाळलेला पाला. सुकं कमी पडलं की दोन दिवसांत आंबूस वास, चिलटं आणि तळाला काळं पाणी. कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे पंचवीस-तीस भाग लागतात, आणि नुसत्या सालांमध्ये तेवढा कार्बन नसतो. आमच्या चौघांच्या घरात ओला कचरा रोज पाऊण किलो निघतो. पाला मात्र रोज पडत नाही. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतो, आणि सोसायटीत झाडून पेटवला जातो. त्या धुराकडे बघून मला दरवर्षी वाईट वाटतं, कारण तेच खत जळत असतं. झाडणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवलं तर त्या गोणी भरून देतात. पाला संपला की पुठ्ठा उपयोगी येतो: चिकटपट्ट्या काढून, तळहाताएवढे तुकडे फाडून, पाण्यात बुडवून. गुळगुळीत छपाईचा घेऊ नका. साधा तपकिरी खोक्याचा पुठ्ठा हा नुसता कार्बन आहे, आणि ऑनलाइन खरेदीमुळे तो बारा महिने घरात येतो.

चहाचा चोथा धुऊनच घाला, दूध-साखरेमुळे मुंग्या येतात. अंड्याची टरफलं कुटून घातली तरी विरघळायला फार वेळ घेतात. केळ्याची सालं भिजवलेल्या पाण्यावर फार भिस्त ठेवू नका, ती सालं कंपोस्टमध्येच जास्त कामाची. आणि कुंडीखालच्या ताटल्या, रिकामे डबे आठवड्यातून एकदा पूर्ण सुकवा. डेंगीच्या डासाला तेवढंच पाणी पुरतं.

बहिणीने डबा उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवून अळू लावलाय, दोन डबे भंगारात दिले. एका बादलीत मोगरा, एकीत कंपोस्ट. जोडीची दुसरी बादली केटररकडून यायची आहे. थर्माकोलची पेटी मी सांगूनही तिने दुपारच्या उन्हातच ठेवली आहे, तिथे तिला मेथी हवी होती. खोकी मात्र फाडून, बांधून पलंगाखाली सरकवली आहेत.