दाराच्या हँडलसाठी गणपती पेठेत दोन फेऱ्या

सांगलीच्या गावभागातील आमच्या घराच्या मधल्या दाराचे हँडल गेली दोन वर्षे मान टाकल्यासारखे खाली लोंबत होते. दार उघडायचे तर ते आधी हाताने वर उचलावे लागे, मग जोर देऊन खाली दाबावे लागे, आणि एवढे करूनही लॅच (दार बंद ठेवणारी लॉकची जीभ) पुरती आत जाईलच याची खात्री नसे. आईला संधिवात आहे. सकाळच्या वेळी तिची बोटे वळत नाहीत. दार उघडण्याऐवजी ती आतून आम्हाला हाक मारू लागली, तेव्हा हे काम आणखी पुढे ढकलण्यात अर्थ नाही हे माझ्या लक्षात आले. नवे हँडल बसवून आता सहा महिने झाले आहेत, त्यामुळे ते ज्या दुकानातून आणले त्याविषयी आणि प्रत्यक्ष त्या हँडलविषयी काही सांगण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

आधी माझी चूक सांगते. मी पहिले हँडल मोबाइलवर चित्र पाहून मागवले होते. काळ्या रंगाचे, सरळ रेषांचे, दिसायला देखणे, किंमत ६९० रुपये. खोके उघडून हँडल ज्यावर बसते ती पट्टी दारावर धरली, तर हँडलचे भोक जागेवर आणले की किल्लीचे भोक झाकले जाई, आणि किल्लीचे भोक जुळवले की हँडल लॉकच्या भोकाशी जुळेना. पट्टीवरील दोन भोकांच्या मध्यांतील अंतर ७२ मिलिमीटर होते, आमच्या लॉकमधील ८५. हा फरक जेमतेम एका बोटाच्या रुंदीचा आहे, पण दाराच्या कामात तेवढ्याने सगळे मोडते. खोके उघडले आहे या कारणाने विक्रेत्याने ते परत घेण्यास नकार दिला. दोष त्याचा नव्हता असे मी म्हणणार नाही, कारण हे अंतर खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले होते, पण विक्रीच्या पानावर कुठेही दिलेले नव्हते. तरीही माप न घेता हँडल मागवणारी मीच होते.

त्यानंतर मी गणपती पेठेत गेले. हार्डवेअरचे दुकान कसे असावे याची माझ्या मनातली कल्पना या दुकानाशी बरीच जुळते. भिंतीवर एक लांब फळी आहे आणि तिच्यावर हँडले, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या प्रत्यक्ष ठोकून ठेवलेल्या आहेत, त्यामुळे हँडल हातात धरून, दाबून पाहता येते. मागे लहान लहान खणांची उंच रांग आहे आणि प्रत्येक खणाच्या दर्शनी बाजूस आतल्या मालाचा एक नमुना स्क्रूने बसवलेला आहे. एकाही खणावर चिठ्ठी नाही, आणि मालकांना कोणताही खण शोधावा लागत नाही. दुकानाचे नाव मी इथे देत नाही, लिहू का असे विचारले तेव्हा मालक म्हणाले, "नावाचं काय करायचंय, सामानाचं लिहा की." त्यांच्या शब्दाला मान देऊन सामानाचेच लिहिते आहे.

मी फोन पुढे करून दाराचा फोटो दाखवला. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "ताई, जुनं हँडल काढून आणलंय का?"

"नाही, पण फोटो स्पष्ट आहे."

"फोटो बघून चप्पलसुद्धा घेऊ नये. घरी जाऊन हँडल काढा, आतली चौकोनी दांडी पण आणा. आणि येताना दाराची जाडी मोजून या."

एवढ्यावर त्यांनी मला काहीही न विकता परत पाठवले. वर हँडलच्या खालच्या बाजूचा बारीक स्क्रू काढण्यासाठी ॲलन कीचा (सहा कोनी वाकड्या चाव्यांचा) जुडगा अनामत न घेता हातात दिला आणि एक गोष्ट बजावून सांगितली: हँडल काढल्यावर नुसती दांडी लॉकच्या भोकात घालून फिरवायची आणि सोडायची. लॅच झटकन बाहेर आली, तर लॉकमधली स्प्रिंग शाबूत आहे आणि लॉक बदलण्याची गरज नाही. रेंगाळत आली, तर मात्र लॉकच गेले आहे. गिऱ्हाइकाला नवे लॉक विकण्याची आयती संधी असताना, ते लागणार नाही हे घरच्या घरी कसे ओळखायचे हे आधीच सांगून टाकणारा दुकानदार मी फार कमी पाहिला आहे. या दुकानाविषयी लिहावेसे वाटले ते मुख्यतः यासाठी.

हँडल काढणे हे वाटले तेवढे सोपे निघाले नाही. तो बारीक स्क्रू गंजून जागीच जाम झालेला होता, म्हणून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडून रात्रभर तसेच ठेवले. सकाळी तो कुरकुरत फिरला. पट्टी सुटली तेव्हा तिच्यामागून चमचाभर मऊ, राखाडी माती जमिनीवर सांडली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले होते; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या मधल्या खोलीत तेव्हा कमरेच्या वर पाणी होते, म्हणजे हे हँडल दोन-तीन दिवस बुडालेलेच होते. भिंती खरवडून पुन्हा रंगवल्या, फरशी किती वेळा धुतली याची गणती नाही, दारांना पॉलिश केले. पण पट्टीमागे पाहण्याचे कोणाला सुचले नाही, आणि पुराचा तो गाळ इतकी वर्षे तिथे तसाच बसून राहिला.

झिजले काय होते हे दांडी हातात घेताच कळले. ही दांडी आठ मिलिमीटर जाडीची, चौकोनी असते, आणि तिच्या चार कडांच्या धारेवरच हँडलचे फिरणे लॉकपर्यंत पोहोचते. आमच्या दांडीच्या कडा वापरून संपत आलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या, त्यामुळे हँडल बरेच खाली गेल्यावर कुठे ती लॉकला पकडे. हँडलला वर उचलून धरणारी त्याच्या पट्टीतली स्प्रिंग तर दोन तुकड्यांत गळून आली. लॉक मात्र ठणठणीत होते. सांगितल्याप्रमाणे दांडी फिरवून सोडली, तर लॅच टक् असा आवाज करून बाहेर आली.

दुसऱ्या फेरीत हँडल निवडायला पंधरा मिनिटे लागली, आणि तीही मालाच्या फरकावर. त्यांनी एक हँडल माझ्या डाव्या हातात आणि दुसरे उजव्या हातात दिले. वरून दोन्ही सारखीच सोनेरी होती. एक पितळेचे, दुसरे जस्ताच्या मिश्रधातूचे, वरून मुलामा दिलेले. पितळ जस्तापेक्षा जड असते, त्यामुळे हातावर फरक लगेच जाणवतो; मग त्यांनी दोन्ही पट्ट्या उलट्या करून, दिसत नाही अशा जागी कानशीचे टोक फिरवून दाखवले. एक ओरखडा आतपर्यंत पिवळा होता, दुसरा पांढुरका राखाडी. काउंटरवर दोऱ्याला बांधलेले एक चुंबक लटकत असते. पुष्कळ गिऱ्हाइके त्याने पितळ ओळखू पाहतात, पण ते जस्तालाही चिकटत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग लोखंड पकडण्यापुरताच, हेही त्यांनीच सांगितले. जस्ताच्या हँडलची किंमत ७८० रुपये होती, पितळेच्या संचाची १,६५०. ते म्हणाले की भाड्याच्या घरासाठी किंवा क्वचित उघडणाऱ्या दारासाठी जस्ताचे खुशाल घ्यावे; दिवसाला शंभर वेळा हात लागणार असेल तर मुलामा आधी कडांवरून जातो. न्हाणीघराच्या दारासाठी मात्र त्यांनी पितळाची शिफारस केली नाही, स्टीलचे सुचवले. मी मधल्या दारासाठी पितळेचे घेतले. त्याची मूठ लांब आणि किंचित वळलेली आहे, टोक दाराकडे वळते, त्यामुळे पदर किंवा शर्टाची बाही अडकत नाही. गोल मुठीचे हँडलही तिथे होते व दिसायला अधिक सुबक होते, परंतु गोल मूठ बोटांनी आवळून फिरवावी लागते आणि आईच्या बाबतीत नेमके तेच होण्यासारखे नव्हते.

बसवण्याचे काम मी स्वतः केले नाही. दुकानदारांनी ज्या सुतारांचा नंबर दिला ते ठरल्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी आले, याची नोंद करायला हवी. आल्यावर मात्र काम नेटके केले. आमचे दार सागवानी आहे आणि जाडी ३८ मिलिमीटर. संचातली दांडी त्या मानाने लांब होती. ती तशीच घातली असती तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या दाराला टेकल्याच नसत्या. त्यांनी ती हॅक्सॉने कापली, कापलेली कड कानशीने साफ केली आणि मग घातली. जुन्या स्क्रूंची भोके मोठी झाली होती. त्यांत त्यांनी काड्यापेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकल्या, बाहेर राहिलेली टोके पटाशीने उडवली आणि "आज ह्याला हात लावायचा नाही" असे सांगून निघून गेले. पट्ट्या दुसऱ्या सकाळी बसल्या. मजुरी ३५० रुपये झाली. नवे लॉक आणि हँडल असा पूरा संच घेतला असता, तर दुकानातल्याच भावाने तीन हजारांच्या पुढे गेले असते, शिवाय लॉकच्या नव्या मापासाठी दारात पुन्हा खाच पाडावी लागली असती.

आता ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्या. संचाबरोबर आलेले स्क्रू लोखंडी, वरून पिवळा मुलामा दिलेले निघाले, आणि त्यांतील एकाची खाच सागवानात आवळताना पहिल्याच वेळी झिजली. साडेसोळाशे रुपयांच्या पितळी हँडलबरोबर असे स्क्रू देणे ही बनवणाऱ्याची कंजुषी आहे. दुकानात तक्रार केली तेव्हा मालकांनी वाद न घालता पितळी स्क्रू काढून दिले, पण त्यांचे ४० रुपये वेगळे घेतले. ते घ्यायला नको होते असे माझे मत आहे. दुपारी दीड ते चार दुकान बंद असते आणि हे बाहेर कुठेही लिहिलेले नाही. चारचाकी घेऊन जाणाऱ्याने तर गाडी लांबच लावून चालत यावे. एकदा दारावर बसवलेला माल परत घेतला जात नाही, हे मात्र बिल करतानाच स्पष्ट सांगितले जाते आणि बिलही पक्के मिळते.

हँडलची सहा महिन्यांनंतरची स्थिती अशी आहे. पावसाळ्यात दार फुगले, तरी हँडल आडवे ते आडवेच राहिले. मूठ वर-खाली हलवून पाहिली तर एक-दोन मिलिमीटर ढिलाई जाणवते. ती हँडलची नसून लॉकमधले जुने भोकही थोडे झिजलेले असल्याची आहे, आणि लॉक न बदलण्याची ती किंमत आहे. खालचा बारीक स्क्रू तिसऱ्या महिन्यात एकदा आवळावा लागला. पितळेची झळाळी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. त्यावर पारदर्शक थर दिलेला असतो व तो कोरड्या फडक्यानेच पुसायचा असतो, असे दुकानात बजावले होते. ते मी घरी सांगायचे विसरले आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी आईने देवाच्या भांड्यांबरोबर बाहेरच्या बाजूचे हँडलही चिंच-मिठाने घासून काढले. थर निघाला तिथे आता हात लागून लागून काळपट झाक येते. आईला ते मान्य नाही. तिच्या मते आतली बाजूच कळकट दिसते आणि पुढच्या सणाला तीही घासायची आहे.

स्वयंपाकघराच्या दाराचे हँडलही लोंबू लागले आहे. या वेळी ते आधी काढून ठेवले आहे. दांडी, तुटकी स्प्रिंग आणि मापांची चिठ्ठी एका पिशवीत घातली आहे, आणि पट्टीमागून निघालेली माती सुपलीत भरून तुळशीच्या कुंडीत टाकली आहे.