पर्यायी कॅम सेन्सर : आठ महिने आणि एका पावसाळ्यानंतर

फेब्रुवारीत बसवलेला, मूळ कंपनीचा नसलेला कॅम सेन्सर, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमचा दांडा कुठवर फिरलाय ते सांगणारा भाग. आता ऑक्टोबर उजाडलाय, मध्ये अख्खा पावसाळा गेला आणि गाडी साडेसात हजार किलोमीटर पळाली. आता लिहायला हरकत नाही. चार दिवसांत ‘मस्त आहे, पाच स्टार’ लिहिणाऱ्यांच्या भरवशावरच तर मी हा घेतला होता.

गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, व्हीव्हीटी (व्हॉल्व्हचं टायमिंग चालता चालता बदलणारी यंत्रणा) नाही. मूळ सेन्सर गेला तो बहुतेक हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारे) जातात तसाच, म्हणजे तापल्यावर. फोंड्याहून म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलो होतो. दहा मिनिटांत मिरच्या आणि चणिया चवळी घेऊन परत आलो, चावी फिरवली, तर स्टार्टर नुसता घरघरतोय. अर्ध्या तासाने इंजिन निवलं आणि काही झालंच नाही अशा थाटात गाडी सुरू. असं तीनदा झालं. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर कोड पी०३४०, म्हणजे कॅम सेन्सरच्या सर्किटचा.

मूळ भागाची किंमत ऐकून ऑनलाइन पर्यायी घेतला, जवळजवळ चौथाई किमतीत. तीन पिनांचा कनेक्टर तोच, बोल्टचं भोक तेच, ओ-रिंगसुद्धा नीट बसली. पी०३४० गेला आणि दुसऱ्याच दिवशी पी०३४१ आला. म्हणजे आधी सिग्नलच नव्हता, आता सिग्नल आहे पण ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, तो पटत नाही. गाडी सुरू व्हायची, पण थंड असतानाही चार-पाच सेकंद स्टार्टर मारून. गॅरेजवाल्याने निदान केलं, “सेन्सर नवो घातला, तरी कोड येता म्हणजे ईसीएम गेलो.” ईसीएमचा आकडा ऐकून मी चहाही न घेता निघालो.

इथे थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. क्रँकचे (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. माझ्या क्रँकच्या चाकावर ६० दातांच्या जागा, त्यांतले दोन दात मुद्दाम नाहीत. त्या फटीवरून पिस्टन कुठे आहे ते ईसीएमला कळतं, पण तो कॉम्प्रेशनला वर चाललाय की एक्झॉस्टला, ते कळत नाही. ते कॅम सेन्सर सांगतो. कॅमच्या चाकावर रुंद आणि अरुंद दात आहेत, त्यांचा क्रम ईसीएमला पाठ असतो. जुळला नाही की ईसीएम कॅमला बाजूला सारून नुसत्या क्रँकवर काम भागवतो. माझ्या इंजिनात एकच इग्निशन कॉइल दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देते, म्हणून तरी ते चालत राहिलं. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असती तर कदाचित टोइंगच करावं लागलं असतं.

जुना सेन्सर फेकला नव्हता, हे नशीब. थंड असताना तो बरोबर चालायचा! मग दोन चॅनेलचा स्वस्तातला ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) मागवला, कनेक्टरच्या मागून शिवणाची टाचणी घालून एका चॅनेलवर क्रँक, दुसऱ्यावर कॅम, असं आधी जुना लावून आणि मग नवा लावून पाहिलं. क्रँकची लाट दोन्ही वेळा तीच. कॅमची चौकोनी लाट मात्र आरशात पाहिल्यासारखी. जिथे जुना शून्यावर, तिथे नवा पाच व्होल्टवर. खात्री करायला सेन्सर बाहेर काढून, चावी ऑन ठेवून त्याच्या तोंडासमोर दातासारखा स्क्रू-ड्रायव्हर नेला. तो समोर आला की जुना खाली यायचा, नवा वर जायचा. सेन्सर बिघडलेला नव्हता, उलटा बोलत होता. विक्रेत्याच्या पानावर ‘या मॉडेलला चालेल’ एवढंच लिहिलेलं, आणि तक्रारीला उत्तर आलं, ‘प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून बसवून घ्या.’

उपाय पंधरा रुपयांचा. सिग्नल परत उलटवायला बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि दोन रेझिस्टर. सेन्सरच्या सिग्नलवर पाच व्होल्टकडून ४.७ किलोओहमचा पुल-अप (तारेला वरच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारा रेझिस्टर), तिथून १० किलोओहममधून ट्रान्झिस्टरच्या बेसच्या पायाला, एमिटर सेन्सरच्या ग्राउंडला, कलेक्टर ईसीएमकडे जाणाऱ्या तारेला. ईसीएमच्या आत स्वतःचा पुल-अप आहे, त्यामुळे त्या बाजूला वेगळं काही लागलं नाही. माझ्या सेन्सरला पुरवठा पाच व्होल्टचा आहे. तुमच्याकडे बाराचा असेल तर पुल-अप तिथे जोडू नका. ट्रान्झिस्टरमुळे उशीर होईल ही भीती होती, पण स्कोपवर तो काही मायक्रोसेकंद दिसला. ३००० आरपीएमला क्रँकचा एक अंश म्हणजे साधारण ५६ मायक्रोसेकंद, तेव्हा विषय संपला. कोड पुसला, पहिल्याच झटक्यात गाडी सुरू.

मग जून आला. गोव्याच्या पावसात बॉनेटखाली उघडी तार ठेवणं म्हणजे काय, ते सांगायला नको. मी हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवली होती आणि हुशारी केल्यासारखं वाटलं होतं. जुलैत फर्मागुडीच्या चढावर इंजिनाच्या बिघाडाची लाइट परत लागली. उघडून पाहिलं तर सोल्डरवर हिरवा गंज. दुसरा सर्किटचा तुकडा एपॉक्सीत पूर्ण बुडवला, एक्झॉस्टपासून लांब, ईसीएमच्या बाजूला बांधला. त्यानंतर चतुर्थीच्या माटोळीचं सामान आणण्यापासून चोर्ला घाटापर्यंत सगळं झालं, लाइट नाही. सेन्सरच्या पिनाही आता दर दोन महिन्यांनी कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसतो. खारी हवा कोणालाच सोडत नाही.

तापलेल्या इंजिनावर रीस्टार्टचा त्रास शून्य, आणि माझी मूळ तक्रार तीच होती. सेन्सरची बांधणी बरी, केबलचं रबर मात्र आत्ताच कडक व्हायला लागलंय. अजून दोन वर्षं टिकेल असं मी छातीठोक सांगणार नाही. व्हीव्हीटीच्या गाडीत हा लावू नका, तिथे ईसीएम कॅमचा कोन मोजतो आणि सेन्सरच्या तोंडाची जागा थोडी इकडेतिकडे असली तरी पी००१६ सारखा (क्रँक आणि कॅम जुळत नसल्याचा) कोड येऊ शकतो. स्कोप हाताळता येत नसेल तर सरळ मूळ भाग घ्या, महाग पडला तरी.

कनेक्टरजवळ मी एक कागदाची चिठ्ठी लॅमिनेट करून बांधून ठेवलीय : ‘इथे सिग्नल उलटवला आहे. मूळ सेन्सर लावलात तर आधी हे काढा.’ गाडी उद्या विकली तर पुढच्या माणसाला परत पी०३४१ शोधत बसावं लागू नये.