पद्मालय की उनपदेव?

जळगावला आलेला पाहुणा अजिंठा बघून परततो. हाताशी अर्धा दिवस उरला, तर हे दोन पर्याय.

एरंडोलजवळचं पद्मालय सोपं. कमळांचं तळं आणि एकाच गाभाऱ्यात दोन गणपती, एक डाव्या सोंडेचा, एक उजव्या. चतुर्थीला मात्र गर्दी.

उनपदेव आडबाजूला, चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. गोमुखातून गरम पाणी कुंडात पडतं. मे महिन्यात आमच्या नळालाच कढत पाणी येतं, मग गरम झऱ्याचं काय कौतुक? पण खान्देशातली थंडीही तशीच कडक. डिसेंबरात पहाटे जा, कुंडातून निघावंसं वाटत नाही.

माझं मत उनपदेवला. पद्मालय काय, धुळ्याकडे जाता-येता महामार्गावरून वळूनही होतं.