आयेल्ट्सचा ‘फुटलेला’ रीडिंग पेपर विकत घेण्याआधी हे वाचा

‘शनिवारचा अ‍ॅकॅडेमिक रीडिंग, तिन्ही पॅसेज, उत्तरांसकट. निम्मे पैसे आता, निम्मे निकालानंतर.’ आयेल्ट्स, म्हणजे परदेशी शिक्षणासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा, तोंडावर आलेल्या मुलांना टेलिग्रामवर असे मेसेज येतात. अ‍ॅकॅडेमिक हा तिचा विद्यापीठ प्रवेशासाठीचा प्रकार, रीडिंग हा पॅसेज म्हणजे उतारे वाचून उत्तरं द्यायचा भाग. निम्मे निकालानंतर म्हटलं की विश्वास बसतो. पण ते उरलेले निम्मे विकणाऱ्यांना नकोच असतात, पहिल्या हप्त्यातच त्यांचं काम झालेलं असतं.

पुरावा म्हणून चॅनेलवरची जुनी पोस्ट दाखवतात. तारीख परीक्षेच्या आदल्या दिवशीची आणि विषय अगदी परीक्षेत आलेलाच. ती पोस्ट नीट बघा. वेळेशेजारी बारीक अक्षरांत ‘एडिटेड’ दिसेल. पेपर देऊन आलेली मुलं पॅसेजचे विषय ग्रुपवर सांगतात, मग अ‍ॅडमिन जुन्या पोस्टमधला मजकूर बदलतो. तारीख मात्र जुनीच राहते.

पैसे भरल्यावर येणारी पीडीएफ बहुतेक वेळा सरावाच्या जुन्या पुस्तकातली असते, फक्त वरचं शीर्षक खोडलेलं. त्यातलं एखादं सलग वाक्य अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधा, मूळ पॅसेज बरेचदा लगेच सापडतो. आणि परीक्षेच्या एकाहून अधिक आवृत्त्या वापरात असतात, त्यामुळे ‘भारतातला पेपर’ असं एकच काही नसतंच.

पैशांपेक्षा मोठं नुकसान वेळेचं होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. रीडिंगला ६० मिनिटांत ४० प्रश्न. अ‍ॅकॅडेमिकमध्ये साधारण ३० बरोबर आले की ९ पैकी ७ बँड (गुणश्रेणी). काही प्रश्नांत दिलेलं विधान पॅसेजनुसार ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन ते ठरवायचं असतं. ज्या आठवड्यात विकत घेतलेल्या उत्तरांचा ‘ट्रू, नॉट गिव्हन, फॉल्स’ असा क्रम पाठ केला जातो, त्याच आठवड्यात फॉल्स आणि नॉट गिव्हन यांतला फरक पक्का करता आला असता. पॅसेज विधानाच्या उलट सांगत असेल तर फॉल्स, त्याबद्दल काहीच सांगत नसेल तर नॉट गिव्हन. मुलं इथे बरेच गुण घालवतात, कारण स्वतःला माहीत असलेलं पॅसेजमध्ये घुसवतात. दुसरी गळती शब्दमर्यादेची: दोन शब्द मागितले असताना तीन लिहिले की उत्तर बरोबर असूनही गुण नाही. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला रीडिंगला वेगळा वेळ मिळत नाही, तेही त्या ६० मिनिटांतच. चुकलं तरी गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडू नका.

‘परीक्षा न देता सर्टिफिकेट’ विकणारे याहून घातक. विद्यापीठं निकाल ऑनलाइन पडताळतात, खोटा निकाल तिथेच उघडा पडतो. मग प्रवेश तर जातोच, व्हिसाही अडचणीत येतो.

पैसे गेलेच असतील तर चॅट डिलीट करू नका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि चॅनेलचं नाव यांचे स्क्रीनशॉट काढून ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम खात्यात अडवली जाण्याची शक्यता कमी. नंतर ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असं सांगणारा कुणी आला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. फसलेल्यांचे नंबर या टोळ्या एकमेकांना विकतात.